पुढचा, मधला, मागचा नमुना

रविवार. संक्रांत होऊन गेलेली, घरोघर हळदीकुंकवाचे दिवस चालू.

हजर: मी. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, अकोल्याला धान्याचा व्यापारी. वहिनी. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आणि आमचे हे, गाडी चालवणे व सामान सांभाळणे या दोन कामांपुरते.

गैरहजर: ओव्याची डबी. ती अमरावतीला, राजापेठेतल्या आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावरच राहिली. तिची आठवण पुढे सगळ्यांनीच काढली.

आम्ही रोलर कोस्टर बघायला गेलो होतो. हौस म्हणून नव्हे. भाचीला कॉलेजात मुलाखती घ्यायला आलेल्या कंपनीकडून नोकरी चालून आली होती आणि मंगळवारपर्यंत होकार कळवायचा होता. काम असं होतं की पार्कातल्या मोठमोठ्या लोखंडी कोस्टर लोकांसाठी सुरू व्हायच्या आधी तपासायच्या, आणि सुरू झाल्यावरही ठरलेल्या मुदतीनं पुन्हा तपासायच्या. ऑफिस हैदराबादला. पोरगी आनंदानं नाचत घरी आली, आणि अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या घरात आठवडाभर जेवणाची ताटं रागानं वाढली गेली.

दादाचं म्हणणं एका वाक्यात मावणारं होतं. "पोरीले इंजिनेर केलं ते पाळण्यावर बसवाले?"

त्याची बाजू समजून घ्यायला हवी. आपल्याकडे असली वस्तू जत्रेत येते. तिच्याबरोबर येणारा माणूस तिच्याच खाली ताडपत्री बांधून झोपतो, तिकिटं फाडतो आणि पौर्णिमा झाली की दुसऱ्या गावाला जातो. दुकानावर आलेल्या चार माणसांनी विचारलं, पोरगी काय करते, तर दादानं काय सांगायचं?

"बाबा, मी फिरवणार नाही. मी तपासणार."

"त्यात तपासाले काय असते? फिरला तं चांगला, पडला तं खराब."

यानंतर वहिनीचा मला फोन आला. "ताई, तुमीच या. हे आयकत नाईत आन् हे पोट्टी जेवत नाई. मी मधात सापडून राह्यली."

मी राजापेठेत एका शिकवणी वर्गाचं ऑफिस सांभाळते. पालक, शिक्षक आणि मुलं एकाच वेळी ओरडत असताना एकेकाला खुर्ची देऊन बसवायची मला सवय आहे. शुक्रवारी बसनं अकोल्याला गेले, मोर्णा नदीचा पूल ओलांडून घरी पोचले आणि दादाला पुढच्या खोलीत बसवलं. विचारलं, "आक्षेप नंबर एक काय?"

दादा विचारात पडला. त्याला वाटलं होतं मी भांडायला आले आहे.

"मले तो मालच माहीत नाही," तो शेवटी म्हणाला. "न पाह्यलेल्या मालाले मी हाव बी म्हनत नाही आन् नाही बी म्हनत नाही."

"गेला आठवडाभर तर नाहीच म्हणून राहिलास."

"ते घरात. घरातलं येगळं, सौद्यातलं येगळं."

"मग माल पाहा."

आता तो व्यापारी झाला. भिंतीला टेकवून ठेवलेली परखी त्यानं उचलली. परखी म्हणजे पोत्यात खुपसायची टोकदार, पोकळ लोखंडी नळी. ती आत घातली की पोत्याच्या पोटातले दाणे तिच्यातून हातावर येतात. "तोंडाशी सारेच चांगला माल ठेवतात," तो म्हणाला. "मी पुढून पाहीन, मधातून पाहीन, मागून पाहीन. तीन नमुने. मंग बोलीन."

दाराआड उभी असलेली भाची खुदकन हसली. का हसली ते तिनं मला नंतर स्वयंपाकघरात सांगितलं. कोस्टरच्या गाडीत पुढची, मधली आणि मागची सीट या खरंच तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. आठवडाभरात बाप पहिल्यांदा तिच्या मनातलं बोलला होता, आणि त्याचा त्यालाच पत्ता नव्हता.

शनिवारी सगळे अमरावतीला आमच्याकडे मुक्कामाला आले. पार्क आमच्या घरून गाडीनं काही तासांवर आहे, त्यामुळे पहाटे निघायचं ठरलं होतं. पण शनिवारची संध्याकाळ मोकळी होती आणि मैदानावर आनंदमेळा लागला होता. मी म्हटलं, तुलना करायची तर खालून सुरुवात करू.

मेळ्यातली गाडी म्हणजे ड्रॅगन. हिरवा रंग, लाल जीभ, एक शिंग तुटलेलं. अंडाकृती रुळावरून तो मोटारीच्या जोरावर फिरतो आणि दर फेरीत एकाच उंचवट्यावर चढून उतरतो. चालवणारा एका हातानं बटण दाबत होता, दुसऱ्या हातानं भजी खात होता. दादा कोणाला न विचारता सरळ शिंगामागे जाऊन बसला. पुढून पाहायचं म्हणून. त्याच्या आजूबाजूला सगळी प्राथमिक शाळा होती. उतरला तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. "बैलगाडी ढेकळातून गेल्यावानी," असा त्यानं अहवाल दिला.

या ड्रॅगनमधली भीती वेगात नसते, आवाजात असते. प्रत्येक वळणावर कुठला तरी नट काहीतरी सांगत असतो.

इकडे भाची दिसेना. ती मोबाईलचा टॉर्च लावून रुळाच्या खाली वाकली होती. परत आली ती गुडघ्यांना धूळ लावून. "वळणावरची एक पिन तारेनं बांधलीय," ती म्हणाली.

"मंग मले आधी कावून नाही सांगतलं?" दादा.

"तुम्ही आधीच शिंगामागे जाऊन बसले होते, बाबा."

तिनं चालवणाऱ्याला दाखवलं. तो आधी म्हणाला, "चालते ना, ताई, कालपासून चालूनच राह्यली." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं भजी बाजूला ठेवली, गाडी बंद केली आणि पेटीतून पिन काढून बसवली. हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं.

पार्काचं नाव लिहीत नाही. पुढे जो घोटाळा झाला तो पूर्णपणे आमचा होता, त्यांचा नव्हे.

आत शिरल्यावर पहिल्यांदा मान वर करावी लागली. निळे, गोल नळ आभाळात वळणं घेत होते. लाकडी पट्ट्या नाहीत, ताडपत्री नाही, भजी नाहीत. भाचीनं रांगेतच शिकवणी सुरू केली. रांगेच्या कठड्याचा गोल पाइप तिनं मुठीत धरला. "बाबा, रूळ असा नळीसारखा असतो. एक चाक वरून, एक बाजूनं आणि एक खालून. गाडी उलटी झाली तरी सुटत नाही."

"म्हनजे चिमट्यात धरल्यावानी."

"हो, तसंच."

दादानं पाइप स्वतःच्या मुठीत धरून पाहिला. मग मूठ उलटी केली. मग पुढचा मुलगा बघायला लागला तेव्हा हात खिशात घातला.

पार्कात तीन लोखंडी कोस्टर होत्या, तिन्ही वेगळ्या जातीच्या. आम्ही सौम्यापासून सुरुवात केली.

पहिली खाणीतल्या गाडीसारखी सजवलेली. उंची बेताची, वेग बेताचा, पण वळणं अरुंद आणि समोर खोटे डोंगर. पुढे काय आहे ते दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा आपण तिथून निघून गेलेले असतो. ही गाडी माणसाला आडवी हलवते. दर वळणावर वहिनी माझ्यावर येत होती आणि पुढच्या वळणावर मी वहिनीवर जात होते. राजापेठेतून संध्याकाळी शिकवण्या सुटायच्या वेळी स्कूटी काढणाऱ्या बाईला यात नवीन काही नाही. मी हिला उत्तीर्ण केलं, वरचा वर्ग दिला नाही.

दुसरी खरी. उंच चढ, उभा उतार, आणि मग एक आख्खा वेढा, ज्यात गाडी डोकं खाली करून जाते. भाचीनं दाखवल्यावर लक्षात आलं की वेढा बांगडीसारखा गोल नसतो, वर निमुळता असतो. गोल केला तर खाली शिरताना अंगावर फार दाब येतो, मान धरते. कुणीतरी आपल्या मानेचा एवढा विचार केलेला पाहून वहिनीला गहिवरून आलं. घरात कोणी करत नाही, असं ती म्हणाली.

इथे पहिला खोळंबा झाला. आडवी दांडी मांडीवर येऊन बसली, ती ओढून तपासली गेली, आणि चालवणाऱ्या पोरानं माईकवर सांगितलं की सगळे तयार असतील तर अंगठा वर करा. सगळ्यांनी केला. दादानं केला नाही.

"काका, अंगठा!"

"नाही."

"काका, तयार आहात ना?"

"हाव."

"मग वर करा."

"नाही करत."

मी शेजारीच होते, आणि मला कळलं. बाजार समितीच्या ओट्यावर हर्रास, म्हणजे लिलाव, चालू असताना ज्याचा हात वर जातो, माल त्याच्या नावावर लागतो. मग मागे फिरता येत नाही. आयुष्यभर दादानं त्या ओट्यावर खाज सुटली तरी हात खाली ठेवून सोसली आहे. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाई, मी आता हात वर केला आन् तू घरी जाऊन सांगशीन, दादानं साऱ्यायसमोर हात वर केला म्हून."

माझ्या मनात अगदी हेच होतं. मी समोर बघत राहिले.

मागून वहिनी, "अवो, करा ना वर! लोक खोळंबले. इथं कोन तूर इकून राह्यलं?"

"तुले नाही समजत."

शेवटी त्या पोरानं तोडगा काढला. मान हलवली तरी चालेल म्हणाला. दादानं मान हलवली, तीही जेमतेम. गाडी सुटली.

चढावर साखळी गाडीला ओढते आणि खालून कट-कट-कट असा आवाज येत राहतो. "हे काय वाजून राह्यलं?" दादा.

"गाडी मागं घसरू नये म्हणून खाचेत अडकत जाणारा खटका आहे," मागून भाची.

"मंग जीव वाचवनाऱ्याचाच आवाज एवढा भेव दाखवनारा कावून?"

वहिनी मात्र भीती वाटू नये म्हणून चढ सुरू झाल्यापासून शेजारच्या सुनेची गोष्ट सांगत होती. "तं ते म्हनते सासूले, सासूबाई, मी काई रोज उठून..." इथे उतार आला. उतार, वेढा, त्यानंतरचं वळण आणि ब्रेक एवढं सगळं होऊन गेलं. गाडी थांबली. केस चेहऱ्यावर, पदराच्या पिना (मीच दिलेल्या) जागच्या जागी. वहिनी म्हणाली, "...दळन आनाले जानार नाई."

या गाडीनं मला एक गोष्ट पटवली. मजा वेगाची नसते. दादाची गाडी हायवेवर याहून जोरात पळते आणि हा मागच्या सीटवर घोरत असतो. मजा बदलाची आहे. वेढ्याच्या तळाशी आपण पोत्याएवढे जड होतो, माथ्यावर एकदम हलके. उतारावर सीट खाली जाते आणि पोट अर्धा क्षण वरच राहतं. तो अर्धा क्षण विकायला एवढं लोखंड उभं केलेलं असतं.

तिसरी गाडी पाहिली आणि आमचे हे न सांगता सामान घेऊन बाकावर गेले. तिथे रूळ डोक्यावर असतो. सीटा त्याला टांगलेल्या, पायाखाली काही नाही. चपला आधीच काढून ठेवाव्या लागतात. खांद्यावरून जाड कवच खाली येतं आणि छातीपोटावर बसतं. वेढे, वळणं दुसरीसारखीच, जोरही जवळपास तेवढाच, असं भाचीनं सांगितलं होतं. पण तिथे पायाखाली फळी होती. इथे फळी काढून घेतली एवढाच फरक, आणि सगळं घाबरणं त्या फळीत होतं. एका ठिकाणी गाडी खांबाच्या इतकी जवळून जाते की प्रत्येक माणूस पाय वर ओढून घेतो. खांब लागणार नसतो. तशी जागा सोडूनच बांधलेला असतो. तरी मी पाय ओढले, दादानं ओढले, पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरांनी ओढले.

"हाच माल," दादा उतरल्यावर म्हणाला. "यातून तीन नमुने घेतो."

पहिला नमुना पुढच्या रांगेतून घेतला. त्याचा निष्कर्ष: "पुढं दिसते लय, लागते कमी." ते बरोबर आहे. पुढचा डबा माथ्यावरून खाली वाकतो, पण मागचे डबे अजून चढावर असतात, म्हणून तो थोडा थबकतो. माणसाला खालचं सगळं निवांत बघता येतं. तोच छळ असतो. दुसरा नमुना मधून. "मधात बरं हाये. लग्नात मधल्या पंगतीले बसल्यावानी." मागचा डबा मात्र माथ्यावरून ओढून फेकला जातो, असं भाची म्हणाली होती. तो तिसरा नमुना जेवणानंतर घ्यायचं ठरलं.

चूक इथे झाली. पार्काच्या नियमात जेवण आणि कोस्टर यांच्यात वेळ सोडा असं लिहिलं होतं, आणि मी ते मोठ्यानं वाचलंही होतं. पण वहिनीनं पहाटे उठून रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती. आमच्याकडे रोडगा कुस्करून त्यावर तूप ओततात आणि दुसरा वाढताना विचारत नाहीत. दादानं किती खाल्ले ते मोजलं नाही. ओव्याच्या डबीची आठवण सगळ्यांनी काढली ती इथे. जेवताना त्याला दुकानावरून फोन आला. एक गिऱ्हाईक तुरीचा नमुना मागत होतं. दादानं पिशवीतून तुरीची कापडी पुडी काढली, दाणे तळहातावर घेऊन बघत भाव बोलला, आणि पुडी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. सौदा पुरा होईपर्यंत नमुना अंगावरच ठेवायचा, ही त्याच्या गादीची रीत. आमच्या वडिलांचीही होती. वडील त्या पुडीसकट लग्नाला उभे होते, असं आमच्या आत्या सांगायच्या.

तिसऱ्या नमुन्याला तो मागच्या रांगेत बसला. मी शेजारी. कवच खाली आलं. माझं बसलं. दादाचं बसलं असं वाटलं.

तिथली चालवणारी एक मुलगी होती, डोक्यावर हेल्मेट, भाचीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी. तिच्यासमोरच्या फळीवर एक दिवा लाल राहिला. ती रांगेपाशी आली, एकेक कवच ओढत ओढत आमच्यापर्यंत पोचली.

"काका, अजून थोडं खाली यायला हवं. पोटावर काय आहे?"

"पोट हाय."

"पोटाच्या वर?"

दादानं बंडीवर हात ठेवला. मी त्याच्या बंडीकडे बघितलं. "तूर आहे," मी म्हटलं.

त्या मुलीनं हे ऐकून चेहरा हलू दिला नाही, याचं मला कौतुक वाटतं. "तूर बाहेर ठेवावी लागेल, काका."

"सौदा व्हाचा हाय अजून."

"नंतर करा."

पुडी निघाली. पण आधी कुणीतरी, बहुतेक मीच, मदत म्हणून कवच वरून जोरात दाबलं होतं. आता दिवा विझायला तयार नव्हता. तिनं पुन्हा उघडून बंद केलं. लाल. आणखी एकदा. लाल. मग तिनं फोन उचलला, दोन शब्द बोलली आणि सगळ्यांना उतरायला सांगितलं.

रांग खवळली. खालपासून आवाज यायला लागले. "ओ मॅडम, एक खुर्ची रिकामी ठेवा आन् सोडा ना!" "काकांनी जेवण केलं त्यात आमचा काय दोष?" हशा झाला. दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. बाजारात त्याच्यावर कुणी हसत नाही.

त्यानं स्वतःच तोड काढायचा प्रयत्न केला. "मॅडम, मी दाबून धरतो ना हातानं. सोडा गाडी. काई होत नाही."

"नाही," ती म्हणाली.

एवढंच. समजावलं नाही, रागावलीही नाही. थोड्या वेळानं गळ्यात ओळखपत्र घातलेला एक माणूस आला, रांगेकडे हात करून तिच्याशी काही बोलला. तिनं मान आडवी हलवली. तो निघून गेला. मग एक मेकॅनिक आला, कवच उघडून बसला, आणि गाडी रिकामीच सोडली. सगळ्या सीटा मोकळ्या, वेढ्यातून पाय नसलेली गाडी गेली आणि आली. पुन्हा रिकामी सोडली. तोवर ऊन उतरलं आणि त्या दिवसापुरती ती रांग बंद झाली.

दादा बाकावर बसून होता, हातात तुरीची पुडी. भाची दूर उभी राहून नखं खात होती. मला हाक मारून म्हणाली, "आत्या, संपलं ना सगळं? लोक हसले त्यांना." तिच्या डोळ्यात पाणी होतं. मंगळवार दोन दिवसांवर होता. मी म्हटलं, रडायचं गाडीत, आधी चपला घाल. खरं तर माझ्याकडेही दुसरी योजना नव्हती.

परतीच्या रस्त्यावर दादा पुडीची गाठ सोडत आणि पुन्हा बांधत बसला. शेवटी आमच्या ह्यांनीच एका चहाच्या टपरीवर गाडी थांबवली. दिवसभरात त्यांनी घेतलेला हा एकमेव निर्णय, आणि योग्य होता.

दादानं कपातला चहा बशीत ओतला. भाचीकडे न बघता विचारलं, "तुले असंच काम कराचं हाये का? लोक शिव्या देऊन राह्यले आन् तू म्हनशीन, नाही?"

"हो, बाबा."

"साहेब म्हनला, सोड गाडी. तरी?"

"तरी."

"आन् बाप म्हनला, मी धरतो हातानं?"

"बाप पोटावर तूर ठेवून बसतो, बाबा. त्याचं काय ऐकायचं?"

वहिनीला ठसका लागला. आमच्या ह्यांनी दुसरीकडे तोंड केलं. दादानं बशी खाली ठेवली. मला वाटलं आता भडकणार. त्यानं खिशातून पुडी काढली, बोटांत फिरवली.

"काल तो डॅगनवाला काय म्हनला? चालते ना. मोंढ्यात बी सारे हेच म्हनतात. काटा वाकडा हाये, चालते ना. माल ओला हाये, चालते ना. मी बी म्हनलो असन." त्यानं पुडी परत खिशात ठेवली. "नाही म्हननारं मानूस मले आज दिसलं. आन् तिले कोनी पाळनेवाली म्हनत नवतं. मॅडम म्हनून राह्यले होते, शिव्या देता देता."

मग दादानं उजवा हात डोक्याच्या वर नेला, अंगठ्यासकट, आणि तिथेच ठेवला. टपरीवाल्याला वाटलं अजून चहा हवा.

"पाह्यलं न साऱ्यायनं?" वहिनी उठूनच उभी राहिली. "जवाई, तुमी पाह्यलं? ताई? हात वर गेला! आता माल उचलाच लागते!"

"उचलतो ना," दादा म्हणाला. "पन सौदा पुरा नाही झाला. तिसरा नमुना राह्यला हाये. तो मी हिनं तपासलेल्या गाडीवर घेईन. मागच्या सीटवर बसून."

"उपाशी पोटी," भाची म्हणाली, आणि मग मात्र तिला मी गाडीत रडायची राखून ठेवलेली परवानगी टपरीवरच वापरावी लागली.

होकार सोमवारी सकाळीच गेला. शब्द तिचे, ई-मेल पाठवायच्या आधी वाचून दाखवायचा आग्रह दादाचा. आता दुकानावर कुणी विचारलं तर तो सांगतो, पोरगी लोखंडाचा माल पास करते. तुरीचं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. त्याचं खापर त्यानं कोस्टरवर फोडलं नाही, वहिनीच्या रोडग्यांवर फोडलं.

राहिलं ते एकच काम, आणि ते मीच माझ्या यादीत घेतलं आहे: दादाला तिच्या गाडीवर नेणे, मागची रांग. वहिनीनं आत्ताच कळवलं आहे की ती त्याच्या शेजारी बसणार नाही, हात फार दाबतो म्हणाली. आमचे हे सामानापाशी असतील. भाची खाली लाल दिव्यापाशी असेल, आणि माझ्या मते तिथेच असावी. ओवा आधीच पर्समध्ये टाकून ठेवला आहे. यादीत दादाच्या शेजारच्या सीटपुढे कुणाचं नाव मात्र मी अजून लिहिलेलं नाही.